तासाला दहा मिनिटं

परदेशातून कायमचं परत आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "का आलात?" आणि दुसरा, "काय काय आणलंत?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत नीट देता आलेलं नाही. दुसऱ्याचं मात्र मी आल्या आठवड्यातच वसईच्या आमच्या घरी ओटीवर मांडून ठेवलं होतं. टोस्टर, कॉफीचं यंत्र, केकचं पीठ फेटायचं यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर, आणि स्वयंपाकघरात लावायचं, विजेवर चालणारं एक गोल पांढरं घड्याळ. न्यू जर्सीत पंधरा वर्षं घासून मी एवढं कमावलं होतं. बँकेत फारसं नव्हतं, पण ओटीवर बरंच दिसत होतं.

हे साल २००६. मी वस्तू एकेक करून खोक्यातून काढत होतो, आणि आई उंबऱ्यात बसून प्रत्येक वस्तूला "बरं" म्हणत होती. आईच्या "बरं"मध्ये कौतुक किती आणि काळजी किती, हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. त्या दिवशीही कळलं नाही.

वसईला परदेशी वस्तूंचं अप्रूप नाही, हे आधी सांगायला हवं. आमच्या आळीत घराआड एक माणूस आखातात जाऊन आलेला. कुणी कुवेत, कुणी बहरीन, कुणी मस्कत. त्यांच्या वस्तू येतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. कारण तिकडच्या विजेचा दाब २२० ते २४० व्होल्ट, सेकंदाला पन्नास आवर्तनं. इकडेही जवळपास तेच. फरक काय तो प्लगच्या पिनांचा. त्यांच्या चौकोनी, आपल्या गोल. या गोल पिना आपल्याला शिकवल्या इंग्रजांनी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वतः चौकोनी पिनांकडे वळले. गुरूनं पंथ बदलला, शिष्य मात्र जुन्या पंथात निष्ठेनं राहिला. तेव्हा आमच्याकडचा वायरमन काय करतो, तर चौकोनी प्लग कापून टाकतो आणि गोल बसवतो. जसा देश तसा वेश! पाच मिनिटांचं काम.

मीही तेच केलं. टोस्टरच्या दोन चपट्या पिना एका जोडपिनेत घुसवल्या, ती भिंतीत खोचली, पाव घातला आणि आईला म्हणालो, "आता बघ." आईनं बघितलं. मीही बघितलं. टोस्टरच्या तारा आधी लाल झाल्या, मग पिवळ्या, मग पांढऱ्या, आणि मग सगळ्या घरात काळोख झाला. त्या काळोखातून आईचा आवाज आला, "झाला वाटतं तुझा पाव."

यामागचं गणित शाळेत शिकवतात, पण ते उपयोगी पडेल असं शाळेत कुणाला वाटत नाही. अमेरिकेतला दाब १२० व्होल्ट, आपला २३०. दाब जवळजवळ दुप्पट झाला की तापणाऱ्या वस्तूची उष्णता दुप्पट होत नाही, ती साडेतीनपटींच्याही वर जाते. उलट, आपली इस्त्री तिकडे नेली तर ती पाव हिश्शाच्या आसपासच तापते. म्हणजे तिकडची वस्तू इकडे जळून जाते आणि इकडची वस्तू तिकडे कोमट राहते. परदेशी राहिलेल्या कुठल्याही माणसाला ही दोन्ही वाक्यं वस्तूंबद्दलची वाटणार नाहीत.

मग मी लॅमिंग्टन रोडवर जाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. २३० व्होल्ट आत घेतो, ११० बाहेर सोडतो. वजन पंधरा किलो. तो ठेवायचा कुठे, यावर घरात चर्चा झाली नाही, कारण मी ती होऊ दिली नाही. ओट्याखाली आईची विळी आणि पाटा-वरवंटा असे, तिथे तो बसला. पाटा मागच्या पडवीत गेला. ट्रान्सफॉर्मर दिवसरात्र गुणगुणायचा. शेजारच्या काकू एकदा आत आल्या आणि म्हणाल्या, "अगोबाई, भुंगा शिरलाय का घरात?" आई म्हणाली, "नाही हो. मुलगा आलाय."

आता कॉफी होऊ लागली, पीठ फेटलं जाऊ लागलं. राहिलं ते घड्याळ. तेही ट्रान्सफॉर्मरवर लावलं. चालू झालं. काटे फिरू लागले. तासाभरानं पाहिलं तर दहा मिनिटं मागे. दोन तासांनी वीस. संध्याकाळी सात वाजता आई देवापाशी दिवा लावत होती आणि माझं घड्याळ साडेपाचचा चहा मागत होतं.

वायरमनला बोलावलं. हा आमच्या आळीतला जुना माणूस, केस पिकलेले, कानावर पेन्सिल. त्यानं घड्याळ उलटं करून मागचं वाचलं आणि मला म्हणाला, "भाऊ, हे साठाचं आहे."

"म्हणजे?"

"अमेरिकेत वीज सेकंदाला साठ ठोके देते. आपल्याकडे पन्नास. हे घड्याळ ठोके मोजून चालतं. साठ ठोके झाले की एक सेकंद, असं त्याला शिकवलंय. इथे त्याला साठ ठोके मिळायला सव्वा सेकंदाला थोडं कमी लागतं. म्हणून मागे पडतं."

"पण ट्रान्सफॉर्मर आहे ना!"

"ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, भाऊ. ठोका नाही बदलत."

हे वाक्य त्यानं स्क्रू पिळता पिळता म्हटलं. एखाद्या आश्रमात, दाढी वाढवून म्हटलं असतं तर लोकांनी वाकून नमस्कार केले असते.

मी हिशेब केला. तासाला दहा मिनिटं, म्हणजे दिवसाला चार तास. सहा दिवसांत अख्खा एक दिवस. आणि गंमत म्हणजे न्यू जर्सी आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास आहे. म्हणजे घड्याळाला हात लावला नाही तर अडीच-पावणेतीन दिवसांत ते बरोबर न्यू जर्सीची वेळ दाखवणार! बिचारं घरी परत जायच्या प्रयत्नात होतं.

तसा हा पन्नास-साठाचा घोळ एकट्या माझ्या स्वयंपाकघरातला नाही. जपानसारखा शिस्तीचा देश, पण तिथे अर्ध्या देशात पन्नास आणि अर्ध्यात साठ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोनं यंत्रं जर्मनीकडून घेतली आणि ओसाकानं अमेरिकेकडून, तेव्हापासून देशाला दोन नाड्या आहेत. लांब कशाला जा? आमच्या पालघर जिल्ह्यात, तो ठाणे जिल्हाच होता तेव्हापासून, तारापूरला दोन प्रचंड परदेशी उपकरणं बसलेली आहेत. अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली चालू झाल्या, त्या बांधून दिल्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं. अमेरिकेतून आल्या म्हणून त्यांनी काही साठाचा हट्ट धरला नाही, कारण कारखान्यातच, कागदावरच, कुणीतरी बसून सगळं आपल्या पन्नासाला जुळवलं होतं. तरी संसार सरळ झाला नाहीच. १९७४ साली आपण पोखरणला अणुस्फोट केला आणि त्यानंतर अमेरिकेनं इंधनासाठी हात आखडता घेतला. पुढे ते फ्रान्सकडून आणावं लागलं. परदेशी वस्तू एकदा आणून भागत नाही, तिला जन्मभर सांभाळून घ्यावं लागतं, हे राष्ट्रालाही शिकावं लागलं. मी तर साधा टोस्टरवाला.

तर वायरमननं घड्याळ उघडलं, फुंकर मारली, दोन थेंब तेल सोडलं, पन्नास रुपये घेतले आणि म्हणाला, "चालेल तेवढं चालेल."

आणि काय आश्चर्य सांगू! चार-पाच दिवसांत घड्याळ सुधारलं. सकाळी सातला चहा घेताना बघावं तर सात. रात्री आठला ऑफिसातून आल्यावर बघावं तर आठ. क्वचित पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, पण तेवढं आपल्याकडे रेल्वेचंही होतं. मधूनमधून आई स्टुलावर चढून काटे फिरवताना दिसे, पण ते लोडशेडिंगचे दिवस होते. आमच्या भागात रोज काही तास वीज जाई. विजेवरचं घड्याळ विजेबरोबर थांबणारच. वीज आली की ते लावावं लागे. त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

मी या घड्याळावर एक तत्त्वज्ञान रचलं. माणसानं तत्त्वज्ञान रचू नये, असं नाही. पण स्टुलावर कोण चढतं ते बघून रचावं. माझं तत्त्वज्ञान असं होतं की, कुठलीही गोष्ट नव्या मातीत रुजायला फक्त वेळ द्यावा लागतो. सुरुवातीला ती मागे पडते, कुरकुरते; मग हळूहळू तिथलं पाणी तिला लागतं आणि ती आपोआप जुळवून घेते. वायरमनचं पदार्थविज्ञान काहीही म्हणो, माझं घड्याळ माझ्या बाजूनं होतं. मी हे लोकांना ऐकवू लागलो. सासरी रमत नाही म्हणून रडणाऱ्या पुतणीला ऐकवलं. कोल्हापूरहून बदलून आलेल्या आणि लोकलच्या गर्दीला भ्यालेल्या ऑफिसातल्या पोराला ऐकवलं. "अरे, माझ्या घड्याळाकडे बघ! साठाचं होतं, पन्नासाला जुळलं की नाही?" माझी मुलगी, जन्मानं न्यू जर्सीची, वसईच्या शाळेत मराठीच्या तासाला रडायची. तिलाही मी घड्याळ दाखवलं. ती माझ्याकडे बघायची, मग आजीकडे बघायची, आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, पटलं.

खरं तर हे तत्त्वज्ञान मी त्याआधीही एकदा वापरलं होतं. १९९८ साली, वडील गेल्यावर, आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली. सहा महिन्यांचं तिकीट. बरोबर सुकेळी, मेतकूट आणि घरचा मिक्सर. तिकडच्या यंत्रात खोबरं वाटलं जात नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी तो मिक्सर तसाच लावला. अर्ध्या दाबावर तो असा फिरला की खोबरं वाटलं जाण्याऐवजी प्रदक्षिणा घालू लागलं. आई पहाटे पाचला उठायची, आणि आवाज होऊ नये म्हणून आम्ही उठेपर्यंत अंधारात खुर्चीवर बसून राहायची. दुपारी घरात कुणी नसे. खिडकीबाहेर बर्फ. मी रोज संध्याकाळी येऊन तिला एकच सांगायचो, "आई, जरा जुळवून घे." ती म्हणायची, "घेते की." सहाव्या आठवड्यात ती म्हणाली, "वाडीतल्या केळींना पाणी कोण घालत असेल रे?" आणि मी तिकीट बदललं. मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं की, आईनं पुरेसा प्रयत्न केला नाही. मिक्सरसाठी दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर तिकडे मिळत होता. तो आणण्याचा प्रयत्न मी केला नाही, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही.

२०१३च्या पावसाळ्यात आई गेली. चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी पहाटे पाचला, म्हणजे तिच्या उठायच्या वेळेला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. घर घर वाटेनासं झालं होतं. मी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो आणि सहज वर पाहिलं. सकाळचे सात, आणि घड्याळात पावणेअकरा. वाटलं, गडबडीत वीज गेली असेल. मी ते लावलं. रात्री आलो तर पावणेसहा. दुसऱ्या दिवशी तेच. मी वायरमनला बोलावलं. तो आता आणखी पिकला होता. म्हटलं, "घड्याळ परत बिघडलं."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, आईच्या फोटोकडे पाहिलं आणि टोपी काढली. म्हणाला, "भाऊ, ते कधी दुरुस्त झालंच नव्हतं."

मी बायकोकडे पाहिलं. ती भांडी लावत होती, पाठमोरीच म्हणाली, "रोज पहाटे पाचला पहिल्यांदा. मग तुम्ही उठायच्या आधी. तेव्हा दहा मिनिटं पुढेच ठेवायच्या, तुमची आठ-बाराची लोकल चुकू नये म्हणून. मग दिवे लावताना. मग तुम्ही यायच्या आधी. रविवारी तर तासातासाला."

"पण का?"

"एकदा मी विचारलं होतं. म्हणाल्या, एवढ्या लांबून आणलंय त्यानं. मागे पडताना बघितलं की त्याचा चेहरा उतरतो."

सात वर्षं. स्टुलावर चढून. सत्तरीतली बाई.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि का कोण जाणे, मला विरारची आठवण झाली. पूर्वी चर्चगेटहून विरारपर्यंत वरच्या तारेत १५०० व्होल्टची एकदिश वीज असे, आणि विरारच्या पुढे, वैतरणेच्या बाजूला, २५,००० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज. मधे तारेचा एक तुकडा मेलेला. त्यात ना ही वीज, ना ती. गुजरातकडे जाणारी गाडी तेवढा तुकडा नुसत्या अंगच्या वेगावर घरंगळत जाई. त्या अवधीत इंजिनातला माणूस एका विजेचा संबंध तोडून दुसरीशी जोडून घेई, आणि गाडी पुढे धावू लागे. २०१२ साली चर्चगेटपर्यंत सगळी २५,००० ची वीज आली, ती सीमा पुसली गेली, आणि २०१३ साली लोकल थेट डहाणूपर्यंत जाऊ लागली. पण त्याआधी मी त्या गाडीतून कितीदा तरी सुरतेला गेलो आहे. त्या मेलेल्या तुकड्यावर मी काय करत होतो? एक तर शेंगा खात होतो, नाही तर घोरत होतो. गाडी दोन्हीकडे "आपोआप" चालते, अशीच माझी समजूत होती.

"आपोआप" हा शब्द मराठीतून काढून टाकावा, असं माझं हल्ली मत झालं आहे. जुळवून घेणं चांगलं की वाईट, यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. कुणी म्हणतं, देशाप्रमाणे बदला. कुणी म्हणतं, आपला ठोका सोडू नका. दोन्ही पक्षांचं मला पटतं. पण या वादात एक प्रश्न विचारायचा राहतो. जिथे जुळलेलं दिसतं, तिथे काटे फिरवतंय कोण? न्यू जर्सीत मी आईला जुळवून घे म्हणालो, आणि वसईत आलो तेव्हा तिच्या पाट्याच्या जागी माझा ट्रान्सफॉर्मर ठेवला. दोन्ही देशांत माझं घड्याळ बरोबर होतं, आणि दोन्ही देशांत काटे तीच फिरवत होती. जुळवून घेण्याचा उपदेश सहसा तोच माणूस करतो, ज्याच्यासाठी दुसरं कुणीतरी ते काम करून टाकलेलं असतं. अशा कष्टांची परतफेड होत नसते. निदान ती कुणाचे होते हे माहीत असणं, एवढं तरी माणसानं देणं लागतं.

मुलगी आता मोठी झाली आहे, नोकरीनिमित्त देशोदेशी फिरते. परवा आली तेव्हा तिनं आपला चार्जर भिंतीत लावला. मी चष्मा लावून त्यावरचं वाचलं. १०० ते २४० व्होल्ट, ५० किंवा ६० आवर्तनं. कुठेही लावा! म्हटलं, "तुझ्या पिढीचं बरं आहे बाई." ती म्हणाली, "बाबा, तो बाहेरची वीज कुठलीही असो, आधी आत घेऊन तिची आपल्याला हवी तशी करून घेतो. म्हणून चालतो. आणि तापतो किती, हात लावून बघा." मी हात लावून पाहिला. बराच तापला होता. तेव्हा मी तिला घड्याळ दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "दमतेस का गं?" ती जरा थांबली, आणि मग आम्ही दोन तास बोलत बसलो. मराठीच्या तासाचं रडू कुणी थांबवलं होतं, तेही त्यात कळलं. ते घड्याळानं थांबवलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरात आता सेलवर चालणारं साधं घड्याळ आहे. कुठल्याही देशात तेवढंच बरोबर चालतं. शेजारी ते अमेरिकेचंही आहे. रोज दिवेलागणीला मी स्टुलावर चढतो आणि ते लावतो. दिवसातून एकदाच. त्याहून जास्त माझ्यानं होत नाही, गुडघे दुखतात. ट्रान्सफॉर्मर मी ओट्याखालून उचलून पडवीत नेला आणि पाटा परत जागेवर आणला. त्यावर आता कुणी वाटत नाही.

मात्र तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. घरात जे जे सुरळीत चाललेलं दिसतं, त्याच्यामागे कुणाचा हात आहे, हे मी शोधत फिरतो. फार अडचणीचा उद्योग आहे हा. पाण्याची मोटर रोज पहाटे साडेचारला कोण लावतं, हे मला परवा कळलं. मी बायकोला म्हणालो, "उद्यापासून मी उठेन."

ती म्हणाली, "बरं."

तिच्या "बरं"मध्ये काय होतं, ते मात्र या वेळी मला बरोबर कळलं. मी गजर दहा मिनिटं पुढे लावून ठेवला आहे.